सॉल्व्हंट प्रिंटर घेण्याआधी: बेळगाव सीमाभागातल्या बोर्डवाल्यांसाठी

फ्लेक्सचं मशीन, म्हणजे सॉल्व्हंट शाईने बॅनर छापणारा मोठा प्रिंटर, घ्यायचं ठरलं की कोल्हापूर, हुबळी, पुण्याच्या डीलरांची कोटेशनं यायला लागतात. प्रत्येक कागदावर पहिला आकडा असतो वेगाचा, ताशी इतके चौरस मीटर. हा आकडा सगळ्यात शेवटी बघावा. आधी ऑर्डरची वही उघडा आणि गेल्या तीन महिन्यांतल्या प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी लिहा: किती चौरस फूट, किती अंतरावरून बघितलं जाणार, किती दिवस टिकायला हवं. एवढं लिहून झालं की निम्मा निर्णय झाला. कारण या मशीनची किंमत आणि नखरे दोन्ही प्रिंटहेडमध्ये, म्हणजे शाईचे थेंब सोडणाऱ्या भागात, असतात. अंतरावरून थेंबाचा आकार ठरतो, थेंबावरून हेड ठरतं, हेडवरून शाई. उरलेलं मशीन म्हणजे लोखंड, पट्टा, मोटर आणि रोलर.

थेंब किती बारीक हवा

हेडमधून शाईचा एक थेंब किती मोठा पडतो ते पिकोलिटरमध्ये मोजतात. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. दहा फुटी हार्ड सॉल्व्हंट (तिखट शाईच्या) मशीनवर आपल्याकडे जास्त चालतं ते कोनिकाचं ५१२-आय हेड, ३० पिकोलिटरचं. सहा फुटी इको सॉल्व्हंट (सौम्य शाईच्या) मशीनवर एप्सनची हेड असतात: एक्सपी-६०० (बाजारात डीएक्स-११ म्हणतात), डीएक्स-५, आय-३२००. यांचा सर्वांत बारीक थेंब तीन-चार पिकोलिटरच्या आसपास असतो.

३० पिकोलिटरचा थेंब फ्लेक्सवर पडून पसरला की साधारण ०.१ मिलिमीटरचा ठिपका होतो. चांगल्या नजरेच्या माणसाला एक मीटरवरून ०.३ मिलिमीटरपेक्षा बारीक गोष्ट वेगळी दिसत नाही, चार मीटरवरून तर १.२ मिलिमीटरपेक्षा बारीक काहीच नाही. म्हणजे दुकानाच्या कपाळावर बारा-तेरा फुटांवर लागणाऱ्या बोर्डाला ३० पिकोलिटर भरपूर झालं. त्याहून बारीक हेडसाठी मोजलेले पैसे त्या उंचीवर कुणाला दिसतही नाहीत.

हातभर अंतरावर मात्र हिशेब बदलतो. हॉटेलचं मेनू कार्ड, दवाखान्यातला दरफलक, सनबोर्डवर चिकटवलेला नकाशा, लग्नातला स्टँडी ही कामं दीड-दोन फुटांवरून बघितली जातात. चेहऱ्याच्या उजळ भागात, म्हणजे कपाळ आणि गालावर, शाई विरळ पडते. तिथे ३० पिकोलिटरचे गुलाबी-निळे ठिपके सुटे दिसतात आणि चेहरा खरवडल्यासारखा वाटतो. चौकातल्या वाढदिवसाच्या बॅनरवर हे कुणी बघत नाही, पण त्याच माणसाने तो फोटो घरात लावायला मागितला तर परत घेऊन येतो.

आपल्या भागात दुसरी अडचण अक्षरांची आहे. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग, म्हणजे ओत्ताक्षर, मुख्य अक्षराच्या खाली, निम्म्या आकारात बसतो. देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घाच्या वेलांट्या, अनुस्वार आणि रफार शिरोरेषेच्या वर दाटीने बसतात. अक्षराची उंची आठ-दहा मिलिमीटरच्या खाली गेली की मोठ्या थेंबात खालच्या ओत्ताक्षराची पोटं भरतात आणि रफार शिरोरेषेत बुडतो. त्यामुळे इंग्रजी नमुना दाखवून विकलेलं मशीन आपल्या दोन्ही लिप्यांत छापून बघितल्याशिवाय घेऊ नये.

कन्नडच्या जागेचं गणितही इथेच करून घ्या. कन्नड भाषा कायद्याच्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात दुकानाच्या नामफलकावर ६० टक्के कन्नड आणि तेही वरच्या भागात हवं. १० बाय ३ फुटांच्या बोर्डात वरचे १.८ फूट कन्नडला गेले. उरलेल्या १.२ फुटांत, म्हणजे सुमारे साडेचौदा इंचांत, मराठी नाव, इंग्रजी नाव, पत्ता आणि फोन बसवायचा. लांबून वाचायचा ढोबळ नियम असा की दर दहा फूट अंतराला एक इंच उंचीचं अक्षर. शहापूर किंवा गणपत गल्लीत समोरच्या कडेवरून बोर्ड वाचायला दोन-अडीच इंच पुरतात, पण राष्ट्रीय महामार्गाकडेच्या ढाब्याला तेवढ्यात भागत नाही. तिथे पत्ता गाळा आणि नाव मोठं ठेवा. फाईल पाठवताना कन्नडचा नुडी आणि मराठीचा श्रीलिपी हे दोन्ही फाँट कोरलमध्ये कर्व्ह करून टाका, म्हणजे अक्षरांची आकृती बनवा. दुसऱ्या संगणकावर फाँट नसला तर अक्षरं बदलून छापली जातात आणि ते फ्लेक्स उतरल्यावरच कळतं.

वेगाचं खरं गणित

कोनिका ५१२-आय हेडची छापण्याची पट्टी ३६ मिलिमीटर रुंद असते. तीन पासमध्ये, म्हणजे एकाच जागेवरून हेड तीनदा फिरवून, छापताना दर फेरीला माल १२ मिलिमीटर पुढे सरकतो. चार रंगांची चार हेड असलेलं मशीन १० फूट रुंद छापताना एका फेरीला साधारण साडेतीन सेकंद घेतं. एका फेरीत ०.३९ चौरस फूट, ताशी हजाराच्या वर फेऱ्या, म्हणजे सुमारे ४०० चौरस फूट. रोल बदलणं, हेड साफ करणं, मध्येच थांबून नोझल (हेडची बारीक छिद्रं) बघणं धरलं तर दिवसभराची सरासरी याच्या निम्म्या ते दोन तृतीयांश पडते.

आता त्याच मशीनवर तीन फुटी रोल लावा. फेरी लहान झाली, पण दोन्ही टोकांना थांबून वळायला लागणारा वेळ तेवढाच राहिला. फेरीला १.८ सेकंद धरले तर ताशी २३५ चौरस फूट येतात. म्हणून तीन-तीन फुटांचे तीन बॅनर शेजारी मांडून दहा फुटी रोलवर एकदम छापले की वेग पुन्हा ३८० च्या आसपास जातो. आठ हेडचं मशीन घेण्याआधी ही मांडणी नीट करायला शिका, कारण ती फुकट मिळते. सहा फुटी इको सॉल्व्हंटवर एका एक्सपी-६०० हेडची पट्टी एक इंचाची असते. सहा पासमध्ये पाच फूट रुंद छापताना ताशी १०० चौरस फुटांच्या आसपास मिळतात, दोन हेड असली तर त्याच्या दुप्पट.

हप्त्याचं गणित यावरच उभं करा. समजा हप्ता १८,००० रुपये आणि महिन्याला २६ दिवस काम. रोज ३०० चौरस फूट छापलं तर ७,८०० फुटांवर हप्ता फुटामागे २ रुपये ३० पैसे पडतो. रोज १०० फूट असेल तर तोच हप्ता ६ रुपये ९० पैसे होतो आणि अजून शाई, फ्लेक्स, वीज, पगार बाकी आहे. शाई चौरस मीटरला साधारण १० मिली लागते, म्हणजे फुटाला एक मिलीपेक्षा थोडी कमी. आमचं स्पष्ट मत असं की रोजचं काम दोनशे फुटांच्या खाली असेल तर दहा फुटी मशीन घेऊ नका. फ्लेक्स उद्यमबागेतल्या किंवा कोल्हापूरच्या मोठ्या युनिटमधून छापून आणा आणि सहा फुटी इको सॉल्व्हंट घ्या. विनाइल, वन-वे व्हिजन (काचेवर लावायची छिद्रांची फिल्म), स्टँडी, एसीपीवर (ॲल्युमिनियमच्या पॅनलवर) चिकटवायची प्रिंट यांत फुटामागे पैसे जास्त सुटतात. शिवाय हार्ड सॉल्व्हंटचं मशीन बंद ठेवणं चालवण्यापेक्षा महाग पडतं, कारण शाई हेडमध्येच वाळते.

हार्ड की इको

हार्ड सॉल्व्हंट शाईत सायक्लोहेक्झानोनसारखी तिखट द्रवं असतात. ती पीव्हीसीचा वरचा थर थोडा विरघळवून रंग आत रुतवतात. म्हणून प्रिंट उन्हापावसात टिकते, पटकन सुकते आणि स्वस्त पडते. त्याचीच दुसरी बाजू म्हणजे वास आणि आग. सायक्लोहेक्झानोनची वाफ साधारण ४४ अंश सेल्सिअसला पेट घेण्याजोगी होते, आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते. एक्झॉस्ट पंखा छताला लावून उपयोग नाही. तो जमिनीपासून फूट-दीड फुटावर, मशीनच्या मागच्या भिंतीत हवा. त्याच खोलीत वेल्डिंग किंवा फ्रेम कापायचा ग्राइंडर नको. कार्बन डायऑक्साइडचा किंवा ड्राय पावडरचा अग्निशामक दाराजवळ टांगा, मशीनच्या मागे नको. घराखालच्या गाळ्यात हार्ड सॉल्व्हंट लावूच नये. खडेबाजारसारख्या दाट वस्तीत शेजाऱ्यांची तक्रार आठवड्यात येते, आणि ती रास्त असते.

इको सॉल्व्हंटचा वास कमी असतो, नसतो असं नाही. ती हळू सुकते, म्हणून छापण्याआधी, छापताना आणि छापल्यावर असे तीन हीटर लागतात, साधारण ४० ते ५० अंशांवर. एप्सनच्या हेडमध्ये हार्ड सॉल्व्हंट शाई घालू नका. तिखट शाई हेडच्या आतला गोंद खाते, रंग एकमेकांत मिसळतात आणि हेड जातं. ‘स्वस्त पडते, वास थोडा जास्त’ असं सांगून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या इको शाईत बऱ्याचदा हेच घडतं. शाईची कंपनी बदलायची झाली तर जुनी शाई पूर्ण काढून फ्लशिंग लिक्विडने नळ्या, डॅम्पर (हेडच्या आधीची शाईची छोटी कुपी), हेड धुऊनच नवी भरा. दोन कंपन्यांच्या शाया मिसळल्या की कधीकधी साका बसतो आणि तो थेट नोझलमध्ये जातो.

फ्लेक्सवर सगळा भार टाकू नये याला कायद्याचंही कारण आहे. कर्नाटक सरकारच्या मार्च २०१६ च्या अधिसूचनेत प्लास्टिक पिशव्यांबरोबर प्लास्टिकचे बॅनर, फ्लेक्स आणि पताका यांवरही बंदी आहे. केंद्राच्या नियमाने १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर बंद झाले. केंद्राच्या नियमात जाडीची अट आहे, राज्याच्या अधिसूचनेत मात्र थेट फ्लेक्सचं नाव आहे. तेव्हा ‘माझा माल जाड आहे’ एवढ्यावर विसंबून पाच वर्षांचं कर्ज काढू नका. घ्याल त्या मशीनवर कोटिंग केलेलं पॉलिस्टर कापड आणि कॅनव्हास नीट चालतो का ते बघून घ्या. साध्या सुती कापडावर सॉल्व्हंट शाई पसरते, तो मार्ग नाही. निवडणुकीच्या कामात आणखी एक: लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ नुसार निवडणूक पत्रकं-पोस्टरवर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतो, आणि छापून घेणाऱ्याकडून दोन साक्षीदारांच्या सहीचं निवेदन आधी घ्यायचं असतं.

वीज, अर्थिंग आणि हवा

लाईट जाते तेव्हा कॅरेज, म्हणजे हेड बसवलेली सरकती गाडी, बहुतेक वेळा मध्येच मालावर उघडी थांबते. हार्ड सॉल्व्हंट शाई काही मिनिटांत नोझलच्या तोंडावर वाळते. हेड खराब होण्याचं आपल्याकडचं हे फार मोठं कारण आहे, मग लाईन हेस्कॉमची असो की हुक्केरीच्या सहकारी वीज संस्थेची. कॅरेज, सर्किट बोर्ड, पंप आणि संगणक यांना ऑनलाइन यूपीएस द्या. हीटर आणि ड्रायर पंखे त्यावर टाकू नका, ते बॅटरी दहा मिनिटांत संपवतात. मशीनच्या पाटीवरचे वॅट बघा, हीटर वजा करा, उरलेल्याच्या दीडपट क्षमतेचा यूपीएस घ्या. त्याने छपाई पूर्ण करायची नसते, कॅरेज जागेवर नेऊन कॅप करायची, म्हणजे हेडवर टोपी बसवायची असते.

अर्थिंग मशीनसाठी वेगळं खोदा. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजा, तोही शेजारच्या वेल्डिंगवाल्याचं काम चालू असताना. २-३ व्होल्टच्या आत हवा. पाचच्या वर गेला तर मशीन जोडूच नका, हेडचा बोर्ड जळायला तेवढं कारण पुरतं. अथणी-रायबागची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. खानापूरकडच्या जांभ्यातही पाणी टिकत नाही. मार्च ते मे दर आठवड्याला खड्ड्यात दोन-तीन बादल्या पाणी घाला.

एकाच जिल्ह्यात हवा मात्र दोन तऱ्हेची. अथणी, कागवाड, चिकोडीच्या पूर्व भागात उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी होते की फ्लेक्स उलगडताना स्थिर वीज तयार होते. अक्षरांच्या कडेला बारीक शाईचा धुरळा दिसायला लागतो आणि नोझल वरचेवर बंद पडतात. तिथे हेड आणि माल यांतलं अंतर २ मिलिमीटरवर आणा, जमीन ओल्या फडक्याने पुसा, शक्य असेल तर ह्युमिडिफायर ठेवा. हेडच्या खालच्या पत्र्याला अर्थची तार आहे का तेही बघा. खानापूर, बेळगावात जून ते सप्टेंबर उलटं असतं. प्रिंट सुकत नाही, गुंडाळलेला रोल एकमेकांना चिकटतो आणि सोडताना रंग उचलून येतो. तेव्हा पासची संख्या वाढवा, एकूण शाईची मर्यादा रिप सॉफ्टवेअरमध्ये (फाईलचे शाईच्या ठिपक्यांत रूपांतर करणाऱ्या) १०-१५ टक्क्यांनी कमी करा आणि इको प्रिंट लॅमिनेशनआधी २४ ऐवजी ४८ तास उघडी ठेवा. ओल्या प्रिंटवर लॅमिनेशन केलं की आत अडकलेलं सॉल्व्हंट विनाइलचा गोंद मऊ करतं, आठवड्यात कडा सुटतात आणि बुडबुडे येतात. ग्राहक विनाइलला दोष देतो, दोष घाईचा असतो. कारवारकडे खाऱ्या हवेने रेल आणि बेअरिंग गंजतात, म्हणून रोज कोरड्या कपड्याने पुसून तेलाचा हात द्यायलाच हवा.

जागेबद्दल थोडक्यात. दहा फुटी मशीन स्वतः चौदा-पंधरा फूट लांब भरतं, पुढे-मागे चार-चार फूट मोकळी जागा लागते. दहा फूट रुंद, ७० मीटर लांब, २८० जीएसएमचा (चौरस मीटरला २८० ग्रॅम) रोल साठ किलोंचा होतो. तो जिन्याने वर नेता येणार नाही.

चाचणी प्रिंट

डीलरच्या पेन ड्राइव्हमधला पोपट छापून बघू नका, स्वतःची फाईल न्या. तिच्यात पूर्ण रुंदीचा ५० टक्के सपाट करडा पट्टा, शंभर टक्के मॅजेंटा आणि पिवळा मिळून झालेला भरीव लाल दोन मीटर लांब, डाव्या-उजव्या टोकाला आणि मध्ये केसाएवढ्या बारीक उभ्या रेषा, ४, ८ आणि १२ मिलिमीटर उंचीचा कन्नड-मराठी मजकूर, एक उजळ चेहरा आणि दोन मीटर बाय दोन मीटरची चौकट एवढं असू द्या.

करड्या पट्ट्यात आडव्या रेघा पडल्या तर माल सरकण्याची स्टेप चुकते आहे किंवा नोझल बंद आहेत. रेघ पांढरी असेल तर माल जास्त सरकतो, गडद असेल तर कमी. स्टेप दुरुस्त करूनही रेघ त्याच जागी राहिली तर नोझल चेक, म्हणजे कोणती नोझल बंद आहे ते दाखवणारी छोटी प्रिंट, बघा. लाल पट्टा पहिल्या फुटात भरीव आणि पुढे फिका पडत गेला तर शाई हेडपर्यंत पुरेशी पोचत नाही, म्हणजे डॅम्पर, फिल्टर किंवा पंप बघायला हवा. उभ्या रेषा जोडीने दिसल्या तर जाताना आणि येतानाच्या छपाईचा मेळ बसलेला नाही. हे सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त होतं, पण मध्ये ठीक आणि टोकाला जोडी असेल तर रेल किंवा एन्कोडर पट्टीत (कॅरेजची जागा मोजणाऱ्या) दोष आहे. चौकटीचे दोन्ही कर्ण स्टीलच्या टेपने मोजा. फरक चार-पाच मिलिमीटरपेक्षा जास्त आला तर माल तिरका ओढला जातो, आणि ५० फुटी बॅनरला तो काठावरून बाहेर जाईल.

मग तासभर सलग छापा, वीस मिनिटं थांबा आणि पुन्हा नोझल चेक काढा. जुनं मशीन घेत असाल तर ही चाचणी टाळूच नका. ५१२ नोझलमध्ये पाच-सहा विखुरलेल्या बंद असल्या तर पास वाढवून भागतं. सलग आठ-दहा बंद असतील तर पासनेही पट्टा झाकत नाही, ते हेड बदलायचं आहे असं धरून किंमत पाडा.

व्यवहार ठरवताना

हेडला वॉरंटी आहे का, किती महिने, आणि कोणत्या शाईवर, हे कोटेशनवर लिहून घ्या. बऱ्याच ठिकाणी मशीनची वॉरंटी वर्षाची लिहिलेली असते आणि हेड, बोर्ड, पंप बारीक अक्षरात वगळलेले असतात. इंजिनियर कुठून येतो आणि भेटीचे किती घेतो तेही विचारा. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात पुण्याहून माणूस मिळत नाही, म्हणून ज्या मॉडेलची दोन-चार मशीन बेळगाव, कोल्हापूर किंवा हुबळीत आधीच चालू आहेत तेच घ्या आणि त्या मालकांशी बोला. डॅम्पर, कॅपिंग, वायपर, एन्कोडर पट्टी, फिल्टर आणि पाच लिटर फ्लशिंग लिक्विड पहिल्याच बिलात मागून घ्या. रिप सॉफ्टवेअरचं डोंगल (परवान्याची यूएसबी किल्ली) तुमच्या नावावर आहे का तेही तपासा.

सीमेवरच्या दुकानाला कराचा मुद्दाही बघावा लागतो. कोल्हापूरहून मशीन आलं तर आयजीएसटी लागतो, हुबळीहून आलं तर सीजीएसटी-एसजीएसटी, आणि नियमित नोंदणी असेल तर दोन्हीचं क्रेडिट मिळतं. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर क्रेडिट मिळत नाही आणि दुसऱ्या राज्यात माल विकताही येत नाही. निपाणीत बसून कागलची कामं करायची असतील तर मशीन बुक करण्याआधीच सीएशी बोलून नियमित नोंदणी करा. ५०,००० रुपयांच्या वरच्या मालाला ई-वे बिल लागतं, ते डीलरकडून बनवून घ्या.

मशीन बसवताना इंजिनियर जे करतो ते सगळं मोबाईलवर चित्रित करून ठेवा: स्टेपचा आकडा, हेडची उंची, प्रत्येक हेडचा व्होल्टेज, रंगांचा मेळ बसवलेले आकडे. ते आकडे वहीत लिहा आणि एक प्रत मशीनच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. संगणक बिघडून सॉफ्टवेअर नव्याने टाकावं लागलं तर हेच आकडे भरून त्याच दिवशी काम सुरू करता येतं. आणि दुकान तीन-चार दिवस बंद राहणार असेल तर जाण्याआधी हेडमधली शाई काढून फ्लशिंग लिक्विड भरा, कॅप ओली ठेवा, आणि हे काम पूर्ण होईपर्यंत यूपीएस चालू राहील असं बघा.